हरणांसाठी चारा राखायचाय, जागा कुठली निवडू? (सुपे परिसर, ता. बारामती)

माळावरची मावशी

नमस्कार मंडळी. मी हडपसरला राहते, दोन वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. सासरची साडेतीन एकर जमीन सुप्याच्या अलीकडे आहे, मयूरेश्वर अभयारण्यापासून फार लांब नाही. आठवड्यातले तीन-चार दिवस आता तिथेच असते. दोन खोल्यांचं घर, पुढे ओटा, मागे विहीर. एकरभर बाजरी-मटकी होते, थोडा कांदा वाट्याने दिलाय, आणि वरचा एक एकर नुसता मुरमाड माळ.

आमच्याकडे चिंकारे येतात. गेल्या मार्गशीर्षात पहाटे बांधावर एक मादी उभी होती, पंचवीस-तीस पावलांवर. काळी शेपटी एकसारखी हलत होती, बाकी अंग दगडासारखं स्थिर. मी हातातला कप ओट्यावर ठेवला, तेवढ्या आवाजाने तिने नाकातून शिंकल्यासारखं केलं, पाय आपटला आणि निघाली. तिच्या मागोमाग तुरीतून पाडस बाहेर पडलं तेव्हा कळलं की ती कशासाठी थांबली होती.

फाल्गुनात एक पाडस आमच्या विहिरीत सापडलं. तेच असावं. विहिरीला कठडा नाही. रात्री कुत्री भुंकताना ऐकली होती, पण मी उठले नाही. सकाळी वाडीतल्या पोरांनी दोर सोडून वर काढलं तेव्हा अंग थंड पडलेलं होतं. वनरक्षक आले, पंचनामा झाला. त्या दिवसापासून मनात आहे की या जनावरांसाठी आपल्या जमिनीत काहीतरी राखायचं.

भाच्याने अमेरिकेतले व्हिडिओ दाखवले. तिकडे लोक घराजवळ हरणांसाठी वेगळा चारा पेरतात, त्याला फूड प्लॉट म्हणतात. मला तसंच दहा-पंधरा गुंठ्यांत करायचंय. जागा तीन आहेत:

एक, घरामागे विहिरीशेजारी. जमीन काळी, पाणी हाताशी, आणि ओट्यावर बसून दिसेल.
दोन, खाली ओढ्याकाठची लांबट पट्टी. बोरी-बाभळींची झुडपं आहेत. पलीकडे शेजाऱ्याचा हरभरा असतो.
तीन, वरचा माळ. तिथे काही पिकत नाही, म्हणून नांगरून घ्यावा का, असा विचार आहे. त्याच्या वरच्या अंगाला वनखात्याची हद्द लागते.

माझं मन पहिल्या जागेकडे ओढतं. जाणत्यांनी सांगावं.

बांधावरचा

मावशी, रामराम. मी पुरंदरचा, शेतीच करतो. पहिली जागा डोक्यातून काढून टाका. घराजवळ कुत्री असतातच, आपली नसली तरी उष्ट्याच्या वासाने येतात. चिंकारा मोकळ्यात कुत्र्याला सहज मागे टाकतो, पण कुंपणात, चिखलात किंवा विहिरीच्या कोपऱ्यात सापडला की संपलं. एकट्या कुत्र्याचं काही नसतं, चार-पाचांची टोळी आळीपाळीने पळवते. तुमच्याकडे काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. चाऱ्यासाठी त्यांना पुन्हा त्याच विहिरीकडे बोलवायचं का?

आणि चारा राहू द्या, आधी कठडा बांधा. कंबरेएवढा तरी पाहिजे. या हंगामात पैसे नसतील तर लोखंडी जाळी टाका, पण उघडी ठेवू नका.

दुसऱ्या जागेबद्दल सांगतो. ओढा चांगला, आडोसा चांगला, पण शेजाऱ्याचा हरभरा बांधाला लागून आहे म्हणता. तुमच्या पट्टीत चरून झालं की ते हरभऱ्याचे शेंडे खुडणारच. मग तो म्हणेल, बाईंनी हरणं पाळलीत. नुकसानभरपाईची सोय सरकारात आहे, अर्ज करता येतो, पण शेजाऱ्याचं तोंड एकदा कडू झालं की भरपाईने गोड होत नाही. आमच्या वाडीत याच कारणावरून दोन घरांचं बोलणं बंद आहे.

तुमचा कांदा कुठे आहे? त्यावर फवारणी होत असेल तर त्याच्या वाऱ्याखाली चारा नको.

मुक्काम मॅडिसन

मूळचा कोथरूडचा, सध्या विस्कॉन्सिनमध्ये. इथे माझा शेजारी दरवर्षी फूड प्लॉट करतो, म्हणून लिहितो. ताई, ते व्हिडिओ पाहताना एक ध्यानात घ्या. इथली पांढऱ्या शेपटीची हरणं झाडीत राहणारी, आणि बहुतेक प्लॉट शिकारीसाठी असतात. इथे परवाना काढून शिकार करता येते. शेजारी जागा निवडताना सगळ्यात आधी वारा बघतो. ज्या बाजूने हरणं येणार तिकडे माणसाचा वास जाता कामा नये, म्हणजे मचाणावर बसता येतं. क्लोव्हर, ओट, सलगम असलं पेरतो. माती तपासून चुना टाकतो. हे काही तुमच्या माळावर लागू नाही.

पण त्याच्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. तो चौकोनी तुकडा कधी करत नाही, लांबट आणि वाकडी पट्टी करतो. हरणाला कुठेही उभं असलं तरी आडोसा दोन उड्यांवर वाटला पाहिजे. आणि रस्त्यावरून दिसेल अशी जागा तो घेत नाही.

आणखी एक. इथे 2002 मध्ये हरणांत सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग सापडला, तो लाळेतूनही पसरतो. तेव्हापासून अनेक काउंट्यांत धान्याचा ढीग टाकायला बंदी आहे, कारण एकाच ठिकाणी सगळ्यांची तोंडं लागतात. पेरलेल्या शेताला ती बंदी नाही. आपल्याकडे तो रोग नाही, पण ढीग न टाकण्याची सवय चांगली.

गवतवेडी

मावशी, हात जोडून विनंती, माळ नांगरू नका!

मी पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवते, सुपे-मोरगाव-जेजुरीच्या माळांवर बरीच वर्षं हिंडते. तुम्ही ज्याला "काही पिकत नाही" म्हणता, तिथे चिंकाऱ्याचं ताट वाढलेलं आहे. दसऱ्याच्या सुमारास एकदा गुडघे टेकून बघा. पवन्या असेल, मारवेल असेल, डोंगरी असेल. कुसळी तर नक्की असेल, ती साडीला चिकटते तीच. कोवळी असताना कुसळीसुद्धा खातात, कुसळं आली की सोडतात. मधूनमधून रानटी शेंगवर्गीय वेली असतात, त्या हरणं आधी शोधून खातात. हा भाग पर्जन्यछायेतला, पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्या पावसात जगायला शिकलेली ही गवतं आहेत. एकदा नांगर फिरला की ती मुळं परत बसायला वर्षानुवर्षं जातात, आणि मोकळ्या मातीत आधी येतं ते गाजरगवत.

चिंकारा नुसता गवतखाऊ नाही. झुडपांचा पाला, बोरं, हिवराच्या आणि बाभळीच्या शेंगा हे त्याचं उन्हाळ्यातलं खाणं. तेव्हा माळाच्या कडेच्या बोरी तोडू नका. वेडी बाभूळ शिरली असेल तर ती मात्र उपटा. आणि "हिरवं करू या" म्हणून कोणी गिरिपुष्पाची रोपं घेऊन आलं तर नको म्हणा. माळाला झाडांची दाटी नको असते. चिंकाऱ्याला लांबवर दिसलं पाहिजे, त्याचं सगळं संरक्षण डोळ्यांत आणि पायांत आहे.

तुमचं काम इतकंच: जून ते नोव्हेंबर तिथे गुरं घालू नका. बी पडून गेल्यावर अर्धा माळ कापा, अर्धा उभा ठेवा. पुढच्या वर्षी उलटं. कापलेल्या बाजूला लांबवर दिसतं, उभ्या गवतात पाडसं दडतात. वणवा लागणार नाही एवढं बघा, कडेने चार-पाच हात रुंद पट्टा छिलून घ्या.

पेरायची हौस असेलच तर घराच्या बाजूला नको. माळाच्या खालच्या कडेला, जिथे आधीपासून शेत आहे तिथे, दोन-तीन गुंठे मटकी किंवा हुलगा ज्यादा टाका आणि काढू नका.

मेंढका

आमची मेंढरं दिवाळीनंतर कोकणात उतरतात, पावसाच्या तोंडावर माघारी येतात. जाता-येता तुमच्याच बाजूने वाट आहे.

जागा माणसाने निवडायची नसते मावशी, त्यांनी निवडलेली असते. माळावर लेंड्यांचे ढीग बघा. शेळीच्या लेंड्या वाटेवर सांडलेल्या असतात, चिंकारा एकाच जागी येऊन येऊन टाकतो. जुन्या करड्या, वर ताज्या काळ्या. असा ढीग जिथे असेल ती त्यांची जागा. तिथून ओढ्याकडे जाणारी बारीक वाट दिसेल, एक खूर रुंद. ती वाट अडवू नका, कुंपण घालू नका, काटे टाकू नका.

हरणं आली की लांडगाही फिरेल. त्याला घाबरू नका, माणसाच्या वाट्याला तो जात नाही. शेळ्या असतील तर रात्री आत घ्या.

माळावरची मावशी

सगळ्यांचे आभार. बांधावरचा दादा, कांदा ओढ्याच्या अलीकडेच आहे आणि फवारणी होते. म्हणजे दुसरी जागा दोन कारणांनी गेली.

मेंढकादादा, तुमचं वाचून काल संध्याकाळी माळावर गेले. तीस वर्षं इथली सून आहे, पण असं बघत कधी चालले नव्हते. हिवराखाली ढीग आहे. तुम्ही म्हणता तसाच, खाली करडा आणि वर काळा, ओला. त्याच्यापासून वनखात्याच्या हद्दीकडे वाट जाते. दगड मांडलेत म्हणावं इतकी सरळ आहे.

दोन शंका आहेत. उन्हाळ्यात तिथे पाण्याची टाकी ठेवू का? आणि कायद्याचं काही आडवं येईल का?

गवतवेडी

पाण्यावाचून चिंकारा बराच काळ काढतो. पाल्यातून, दवातून त्याला पुष्कळ मिळतं. माळावर टाकी ठेवलीत तर कुत्री आणि गुरं आधी येतील. अभयारण्यात वनखात्याचे पाणवठे आहेत. अगदी ठेवायचंच असेल तर जमिनीलगत उथळ बशीसारखं, पाडसू पडलं तरी बाहेर येईल असं, आणि ते नियमाने घासून भरायची तयारी असेल तरच.

मीठ, पेंड, बाजरी, भाकरी यातलं काहीही ठेवू नका. रवंथ करणाऱ्या जनावराने एकदम धान्य खाल्लं की पोटात आम्ल होतं आणि ते मरू शकतं. आपली शेळी बाजरीच्या पोत्यात तोंड घालते तेव्हा काय होतं, ते तुम्हाला ठाऊक असेल.

बांधावरचा

कायद्याचं मी सांगतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात चिंकारा अनुसूची 1 मध्ये आहे. म्हणजे वाघाच्या पंक्तीला. धरणं, पाळणं, मारणं सगळं गुन्हा. स्वतःच्या माळावर गवत राखायला कोणी ना म्हणत नाही. तरी पंचनाम्याला आलेल्या वनरक्षकांना सांगून ठेवा, त्यांची नजर राहील. पाडस एकटं बसलेलं दिसलं तर उचलून घरी आणू नका, आई जवळच असते. जखमी जनावर दिसलं तर 1926 ला फोन करा, वनखात्याची हेल्पलाइन आहे.

आणि मावशी, फोटो काढाल तर गावाच्या ग्रुपवर टाकू नका. इथेही नेमकी जागा लिहू नका. रात्री कुत्री आणि बॅटरी घेऊन फिरणारे लोक अजून आहेत.

माळावरची मावशी

पटलं. हिवराचा उल्लेख काढून टाकते, संपादनाची सोय कुठे आहे ते कोणीतरी सांगा.

ठरवलं ते असं. माळ नांगरत नाही. वरची बाजू यंदा उभी ठेवते, खालची मार्गशीर्षात कापून गवत वाडीतल्या गाईंना देते. मटकीच्या वावराचा माळाकडचा तीन गुंठ्यांचा कोपरा न काढता सोडते. ओट्यावरून मला तिथलं काही दिसणार नाही. याचं दोन दिवस वाईट वाटत होतं, खरं सांगते. मला त्यांना चरताना बघायचं होतं. पण परवा भाचा दुर्बीण आणून देतो म्हणालाय, गच्चीवरून माळाचं टोक तरी दिसतं का बघते.

कठड्याचं काम गुरुवारी सुरू होतंय. गवंडी म्हणाला अडीच फूट पुरे, मी साडेतीन सांगितलंय. वाळू आजच येऊन पडली.