वसतिगृहासाठी सेफ्टी अलार्म कोणता घ्यावा? आणि सोबतच्या कार्डावर काय छापावं?

रेक्टर_लातूर
आमच्या नर्सिंगच्या मुलींना रात्रपाळी असते. हॉस्पिटल ते वसतिगृह पायी यावं लागतं आणि मधला पट्टा अंधाराचा आहे. पिन ओढली की वाजतो तो अलार्म प्रत्येकीला द्यायला संस्था तयार झाली आहे. बाजारात ढीगभर प्रकार आहेत आणि जवळपास प्रत्येक खोक्यावर १३० डेसिबल छापलेलं असतं. घेताना बघायचं काय? अलार्मसोबत एक छोटं कार्डही द्यायचं आहे: अत्याचार झालाच तर कुठं जायचं, काय करायचं. चुकीचं काही छापलं जायला नको, म्हणून जाणकारांनी नेमकं सांगावं.

सर्किट_पुणे
१३० डेसिबल हा आकडा बहुधा अलार्मपासून दहा सेंटिमीटरवर मोजलेला असतो. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. म्हणजे एक मीटरवर ११०, दहा मीटरवर ९०, पन्नास मीटरवर पंच्याहत्तरच्या आसपास, तेही उघड्यावर. खिडक्या बंद असतील तर घरातल्या माणसाला फार कमी ऐकू जाईल. जिन्यात, बोळात, पार्किंगमध्ये हा अलार्म उत्तम चालतो. मोकळ्या रस्त्यावर त्याच्या भरवशावर मदत येईलच असं धरू नका. समोरचा दचकतो, दोन-चार सेकंद मिळतात, तेवढ्यात उजेडाकडे पळायचं. खरा उपयोग हा आहे, आणि मुलींना तो असाच सांगा.

घेताना आधी पिन बघा. फार सैल असेल तर बॅगेत आपोआप निघते, दोन-तीनदा उगाच वाजला की मुली सेलच काढून ठेवतात. फार घट्ट असेल तर घामेजल्या हातानं निघत नाही. बॅगेच्या आत ठेवायचा नाही, खांद्याच्या पट्ट्याला बाहेर लावायचा आणि पिनेची दोरी हाताच्या टप्प्यात ठेवायची. आवाज येतो त्या भोकांवर नावाचं स्टिकर चिकटवू नका, आवाज दबतो.

स्वस्त मॉडेलात एलआर४४ बटन सेल असतात. नव्या खोक्यात सेलजवळ प्लास्टिकची पातळ पट्टी असते. ती काढायची राहिली तर पिन ओढूनही काही होत नाही. वाटप करतानाच प्रत्येक अलार्म उघडून बघा. महिन्यातून एकदा, कानापासून हात लांब करून, दोन सेकंद वाजवायचा. आवाज पिचका आला की सेल बदला. पावसाळ्यात सेलच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी धरते, ती पुसली नाही तर जोड तुटतो.

ब्लूटूथवाले घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. फोन बॅटरी वाचवायला मागचं अॅप बंद करतो आणि ऐन वेळी संदेश जातच नाही. त्यापेक्षा फोनमधलीच सोय चालू करा: बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचं बटण पाच वेळा दाबलं की इमर्जन्सी एसओएस सुरू होतं. सेटिंगमध्ये नंबर ११२ आहे ना, ते प्रत्येकीच्या फोनवर बघून घ्या. आणि ११२ ला फोन लागला की पहिलं वाक्य ठिकाणाचं: कोणता रस्ता, कोणतं दुकान, कोणता चौक. फोन मध्येच तुटला तरी तेवढं पोचलेलं असतं.

अधिपरिचारिका_मिरज
कार्डावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात: आधी दवाखाना. ७२ तास.

एचआयव्ही टाळण्याची औषधं (पीईपी) ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि पूर्ण २८ दिवस घ्यायची. मळमळ होते म्हणून मुली मध्येच सोडतात. तिथं सोबतच्या माणसानं लक्ष द्यायचं. गर्भ राहू नये म्हणून लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक गोळी, तीही ७२ तासांच्या आत. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची. शिवाय धनुर्वात आणि हिपॅटायटिस बीची लस. सरकारी रुग्णालयात हे सगळं मोफत आहे.

पुरावा: शक्यतो अंघोळ करू नये, कपडे बदलू नयेत, चूळ भरू नये. पण अंघोळ झाली असेल तरी जावंच. "आता काय उपयोग" असं तिला कुणीही म्हणू नये, कारण उपचार तरी हवेतच आणि स्वॅब ९६ तासांपर्यंत घेतात. कपडे बदललेच असतील तर प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत, ओला असेल तर सावलीत वाळवून. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको: आत दमटपणा राहतो, बुरशी धरते, डीएनए खराब होतो. गुंगीचं औषध दिल्याचा संशय असेल तर पहिली लघवी स्वच्छ बाटलीत धरून न्यावी.

तपासणीला तिची संमती लागते, आणि तपासणीच्या कोणत्याही टप्प्याला ती नको म्हणू शकते. नको म्हटलं म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. टू फिंगर टेस्टला (योनीत दोन बोटं घालून केली जाणारी तपासणी) सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये पुन्हा ठणकावून मनाई केली आहे. कुणी करू लागलं तर नकार द्यायचा.

रेक्टर_लातूर
फार उपयोगी. एक शंका: जवळ खासगी हॉस्पिटलच आहे. ते "आधी पोलिसांकडून कागद आणा" म्हणाले तर?

वकील_छत्रपतीसंभाजीनगर
म्हणू शकत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो की खासगी, रुग्णालयानं प्रथमोपचार किंवा उपचार ताबडतोब आणि मोफत द्यायचेच. टाळलं तर न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. पोलिसांना कळवणं हे रुग्णालयाचं काम. सज्ञान मुलीला तक्रार द्यायची नसेल तर तिचा नकार लेखी नोंदवला जातो. अठराच्या आतली असेल तर मात्र पोक्सोखाली कळवणं सगळ्यांनाच बंधनकारक आहे, तुम्हालाही.

तक्रार द्यायची ठरली तर कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचा प्रश्न नाही. जबाब महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायचा आणि एफआयआरची प्रत जागेवर, फुकट. नोंदवून घ्यायला नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. तिला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा १५१००. महाराष्ट्रात पीडितेला आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्जही त्याच प्राधिकरणाकडे जातो.

आणि ताई, एक कळकळीचं: तिचं नाव संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाऊ देऊ नका. ओळख प्रसिद्ध करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा.

अधिपरिचारिका_मिरज
कार्डाच्या मागच्या बाजूला: ११२, महिला हेल्पलाइन १८१, मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६, आणि जिल्ह्यातल्या सखी वन स्टॉप सेंटरचा नंबर. सखीत वैद्यकीय, पोलीस, कायदेशीर मदत आणि थोड्या दिवसांची राहायची सोय एकाच ठिकाणी मिळते. हा स्थानिक नंबर इंटरनेटवरून उतरवून घेऊ नका. रात्री अकरानंतर एकदा स्वतः लावून बघा, उचलला जातो का, आणि मगच कार्ड छापायला टाका.

सोबत जाणाऱ्या मुलीसाठी कार्डावर दोन ओळी असू द्या: "तू तिथं का गेलीस" विचारायचं नाही. "आत्ता काय हवंय? घरी कुणाला कळवू का?" एवढंच विचारायचं, आणि ती नको म्हणाली तर कळवायचं नाही.