पायगेम : एकाच संगणकावर माऊस अधीर आणि स्टिक मंद का होते?

गोदाकाठ, पंचवटी
नमस्कार. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी मी पायथनमध्ये, पायगेम (खेळ बनवण्याची लायब्ररी) वापरून, एक खेळ तयार करत आहे. गोदावरीला पूर आला आहे, पाणी नाशिकच्या नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागले आहे आणि रात्रीच्या अंधारात होडीतून बॅटरीचा झोत फिरवत रामकुंडाच्या आसपास अडकलेली माणसे शोधायची आहेत. झोत माऊसनेही फिरतो आणि कंट्रोलरच्या उजव्या स्टिकनेही. घरी खेळ सेकंदाला ६० फ्रेमने चालतो व दोन्ही ठीक वाटतात. प्रयोगशाळेतील जुन्या संगणकावर तो ३० फ्रेमवर येतो. तेथे स्टिकने झोत निम्म्या वेगाने सरकतो, आणि माऊस मात्र हाताच्या तेवढ्याच हालचालीत झोताला दुप्पट लांब नेतो. संगणक मंद आहे म्हणावे, तर माऊस जलद का झाला? शिवाय स्टिकला हात न लावताही झोत हळूहळू उजवीकडे सरकत राहतो. माऊसच्या गेट_रेलचा आकडा मी फ्रेमच्या वेळेने (मागच्या फ्रेमपासून गेलेल्या सेकंदांनी) गुणतो. स्टिकच्या गेट_ॲक्सिसचा आकडा थेट जोडतो.

कॉलेज रोडवरून
तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे, कारण गुणाकार नेमका उलट्या जागी झाला आहे. गेट_रेल सांगते की मागच्या वेळी विचारल्यापासून माऊस किती सरकला, म्हणजे ते अंतर आहे आणि त्यात वेळ आधीच सामावलेला आहे. गेट_ॲक्सिस सांगते की स्टिक या क्षणी किती झुकलेली आहे, उणे १ ते १ या दरम्यान. तिच्याकडून आपल्याला वेग हवा असतो.

समजा, हात एकदा फिरवला आणि माऊस एकूण ३०० पिक्सेल सरकला. फ्रेम कितीही असोत, बेरीज ३००च येणार. तुम्ही तिला फ्रेमच्या वेळेने गुणता, म्हणून घरी ३०० भागिले ६०, म्हणजे ५ उरतात आणि प्रयोगशाळेत ३०० भागिले ३०, म्हणजे १०. हीच ती दुप्पट. पूर्ण झुकलेली स्टिक मात्र प्रत्येक फ्रेमला १ देते, त्यामुळे सेकंदात घरी ६० जमतात, तेथे ३०च.

माऊसवरचा गुणाकार काढा आणि स्टिकचा आकडा वेगाने (समजा, सेकंदाला ४०० पिक्सेल) व फ्रेमच्या वेळेने गुणा. क्लॉकचे टिक (पायगेममध्ये फ्रेमचा वेळ सांगणारे फंक्शन) मिलिसेकंद देते, तेव्हा १०००ने भागायला विसरू नका.

सातपूरकर
आपोआप सरकण्याबद्दल लिहितो. मी वजनकाट्यांच्या कॅलिब्रेशनचे काम करतो. रिकामे पारडेही नेहमी नेमके शून्य दाखवत नाही, तसेच स्टिकचे आहे. तिच्या तळाशी बहुधा पोटेन्शिओमीटर (फिरवल्यावर विद्युतरोध बदलणारे भाग) असतात आणि स्प्रिंग तिला दर वेळी अगदी त्याच मध्यावर आणत नाही. माझ्या कंट्रोलरची स्टिक मोकळी असताना ०.०३९ दाखवते.

म्हणून मध्याभोवती निष्क्रिय क्षेत्र ठेवावे लागते, पण ते आडव्या आणि उभ्या अक्षावर वेगवेगळे लावू नका. तसे केल्यास किंचित तिरका झोत सरळ रेषेकडे ओढला जातो आणि हाताला ते लगेच जाणवते. दोन्ही आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घ्या. ते ०.१५पेक्षा कमी असेल तर शून्य धरा. अधिक असेल तर त्यातून ०.१५ वजा करून ०.८५ने भागा, म्हणजे झोत झटका न देता शून्यापासून उचलला जाईल. कोपऱ्यात लांबी १च्या वर जाऊ शकते, तेथे ती १वर थांबवा, आणि दिशा मूळचीच ठेवा.

गोदाकाठ, पंचवटी
दोघांचेही मनापासून आभार. आज प्रयोगशाळेत तपासले. दोन्ही संगणकांवर झोत सारखाच फिरतो आणि स्टिक सोडली की जागीच राहतो. आता एकच अडचण उरली आहे : खिडकीच्या कडेला पोहोचताच माऊसचा झोत थांबतो.

कॉलेज रोडवरून
सेट_व्हिजिबलने कर्सर लपवा आणि सेट_ग्रॅबने माऊस खिडकीत धरून ठेवा. दोन्ही एकत्र असले की कडा आड येत नाही आणि गेट_रेल हालचाल देत राहते. ग्रॅब केल्यानंतरचा गेट_रेलचा पहिला आकडा वाचून टाकून द्या, नाहीतर सुरुवातीलाच झोत उडी मारू शकतो. एस्केप दाबल्यावर ग्रॅब सुटेल अशी सोय आजच करा. प्रदर्शनात अनोळखी माणसे खेळायला बसतील आणि त्यांना खिडकीबाहेर येता आले पाहिजे.