डॉनर पार्टीची गोष्ट चौथीतल्या मुलीला कशी सांगू?

रानजाई:
नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो. लेक चौथीत आहे. इथे चौथीला कॅलिफोर्नियाचा इतिहास असतो, आपल्याकडे शिवाजी महाराज असायचे तसा.

गेल्या महिन्यात टाहोला जाताना डॉनर पास या खिंडीच्या अलीकडे चेन कंट्रोल (बर्फात चाकांना साखळ्या लावायची सक्ती) लागलं आणि साडेतीन तास गाडी जागची हलली नाही. हीटर चालू, डब्यात दशम्या नि शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. तरी आमचे हे दर दहा मिनिटांनी "आज इथेच मुक्काम" म्हणून उसासे टाकत होते. तेवढ्यात मागून प्रश्न आला, "आई, डॉनर म्हणजे कोण?"

सांगायला लागले आणि मध्येच अडले. मला ठाऊक होतं ते इतकंच, की १८४६ साली बैलगाड्यांनी कॅलिफोर्नियाला निघालेली कुटुंबं इथे बर्फात सापडली आणि शेवटी मेलेल्यांचं मांस खाऊन काही जण जगले. नऊ वर्षांच्या पोरीला हे कसं सांगायचं? परतताना डॉनर तळ्याजवळचं स्मारक पाहिलं. चौथराच २२ फूट उंच, त्या साली बर्फ तेवढं चढलं होतं म्हणतात. ती मान वर करून बघतच राहिली, आणि आता प्रोजेक्टला हाच विषय हवाय. तिचे प्रश्न: हिवाळा येणार हे माहीत होतं ना, मग उशीर का केला? शिकार का नाही केली? चालत का नाही गेले? मला उत्तरं सुचवा, आणि मांसाचं काय करू तेही.

तिरकस_पुणेरी:
विषय बदला. इथल्या पोरांसारखं थर्माकोलचं मिशन चर्च करा, एका शनिवारात उरकतं.

जुना_सॅक्रामेंटोकर:
विषय मुळीच बदलू नका. मी इथे २६ वर्षं आहे आणि ही गोष्ट आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. बायको आता उठून स्वयंपाकघरात जाते.

डॉनर म्हणजे जॉर्ज डॉनर, या तांड्याचा म्होरक्या. आता उशिराचं. एप्रिलमध्ये इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डहून निघाले, म्हणजे वेळेतच. घात केला शॉर्टकटने. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज नावाच्या माणसाने सॉल्ट लेकच्या दक्षिणेकडून जवळचा रस्ता म्हणून एक वाट गाजवली होती. वॉसॅच डोंगरात तर वाटच नव्हती, झाडं तोडत गाड्या पुढे ढकलाव्या लागल्या. मग मिठाचं वाळवंट, ४० मैलांचं म्हणून सांगितलेलं, निघालं ८० मैलांचं. पाण्यावाचून बैल मेले, काही उधळून गेले. पुढे आजच्या रीनोजवळ उरलेल्या बैलांना चारा-विश्रांती म्हणून काही दिवस थांबले. त्यात चूक काय म्हणणार? पण ऑक्टोबर संपता संपता खिंडीपाशी पोचले तर खिंड बुजलेली. ८१ माणसं अडकली, त्यात जवळपास निम्मी मुलं.

शिकार: तांड्यातल्या विल्यम एडीने नोव्हेंबरात एक अस्वल मारलं होतं. पण इतक्या बर्फात हरणं राहत नाहीत, खाली उतरतात. स्वतःची गुरंसुद्धा बर्फाखाली गाडली गेली आणि काठ्या खुपसूनही सापडेनात. पॅट्रिक ब्रीन नावाच्या गृहस्थाची रोजनिशी आहे, २० नोव्हेंबर ते १ मार्च. वारा कुठून, बर्फ किती, कोण गेलं, दोन-दोन ओळी. त्यात एके ठिकाणी आहे की झाड तोडलं की ते बर्फात खोल रुततं, हाती लागत नाही. मी तिथे दर वेळी थांबतो. सगळीकडे जंगल, आणि सरपणाची मारामार!

आणि चालत गेले की! १६ डिसेंबरला बैलांच्या जोखडाच्या कमानी आणि कच्चं कातडं वापरून केलेले बर्फातले जोडे घालून निघाले. दोघं परत फिरले, १५ पुढे गेले. आपण आय-८० हायवेवरून जो घाट दोन तासांत उतरतो, त्या वाटेने पहिल्या वस्तीला पोचायला त्यांना ३३ दिवस लागले. पोचले सात.

तिला गोष्ट सांगायचीच तर रीड कुटुंबाची सांगा. बाप जेम्स रीड. ऑक्टोबरात भांडणात त्याच्या हातून एक माणूस मेला, म्हणून तांड्याने त्याला हाकलून दिलं. त्यामुळे तो बर्फाआधी डोंगरापार गेला, आणि मागे आई मार्गरेट चार मुलांसह अडकली. खोपटांवर छपराला बैलांची कातडी होती. तीच काढून उकळायची, खळीसारखा चिकट लगदा व्हायचा, तो खायचा. नाताळसाठी मात्र तिने थोडे घेवडे, सुकी सफरचंदं, बैलाच्या आतड्यांचे तुकडे आणि डुकराच्या मांसाचा एक तुकडा लपवून ठेवला होता. पुढे घरचा कुत्रा कॅश, तोही खाल्ला.

रीडने नोव्हेंबरातच उलट यायचा प्रयत्न केला, बर्फाने परतवलं. मदतीला माणसं मिळेनात, सगळे मेक्सिकोशी लढाईत. तो स्वतःही २ जानेवारी १८४७ला सँटा क्लाराच्या चकमकीत होता, म्हणजे तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर! फेब्रुवारीत सुटकेची पहिली तुकडी पोचली, तिने मार्गरेटला आणि मुलांना बाहेर काढलं, पण आठ वर्षांची पॅटी आणि धाकटा टॉमी यांना चालवेना. त्यांना परत तळ्याकाठी सोडावं लागलं. पॅटीने आईला निरोप दिला तो मोठ्या बाईसारखा. रीड दुसरी तुकडी घेऊन वर चढत होता, त्याला वाटेत बायको खाली येताना भेटली. तो तसाच पुढे गेला आणि १ मार्चला त्या दोघांपर्यंत पोचला. आख्खं कुटुंब वाचलं. पॅटीने कपड्यांत दडवून आणलेली बोटभर लाकडी बाहुली सॅक्रामेंटोतल्या सटर्स फोर्ट या जुन्या किल्ल्याच्या संग्रहातली आहे.

काळी_माती:
काका, गोष्ट छान रंगवलीत. पण लुईस आणि साल्वादोर कुठे गेले? त्या फोर्टच्या सटरकडून अन्नाची सात खेचरं घेऊन, तांड्यातून पुढे मदत आणायला गेलेल्या चार्ल्स स्टँटनबरोबर हे दोन मिवॉक (इथल्या मूळ रहिवासी जमातीचे) तरुण त्या तांड्याच्या मदतीला उलटे डोंगर चढून आले होते. स्वतःचं कुणीही अडकलेलं नसताना. चालत निघालेल्या त्या पंधरांत हेही होते. माणसाचं मांस खायला त्यांनी नकार दिला. आपल्यालाच मारायचा बेत चाललाय हे कळल्यावर पळाले, आणि पुढे मरणपंथाला लागलेले सापडले तेव्हा त्यांना गोळ्या घातल्या. खाण्यासाठी. बाकीचे आधी मेले होते, या दोघांना मारलं. पोरीला मांसाचं सांगा न सांगा, पण ही दोन नावं तिच्या पोस्टरवर असू द्या.

जुना_सॅक्रामेंटोकर:
मान्य. पाहुण्यांनाही मी हे सांगत नाही, खरंय.
स्टँटनचंही तेच. एकटा जीव, सुखरूप पोचला होता, दिलेल्या शब्दाखातर परत आला. चालताना बर्फाने डोळे गेले. "तुम्ही व्हा पुढे, मी येतो" म्हणून पाईप ओढत बसला, तो तिथेच.

अर्धी_भाकरी:
आहारतज्ज्ञ आहे म्हणून थोडं अवांतर. त्या १५ जणांत पाच बायका होत्या, पाचही जगल्या. दहा पुरुषांतले (त्यात एक बारा वर्षांचा मुलगा) दोनच. एकूण तांड्यातही पुरुषांत मरणाचं प्रमाण बायकांच्या जवळपास दुप्पट. अंगावरची चरबी जास्त, शरीर लहान, म्हणून गरज कमी. शिवाय झाडं तोडून, गाड्या ओढून पुरुष आधीच पिचलेले. आणि ज्यांचं तांड्यात कुटुंब नव्हतं असे गडी फार गेले. कुणी घास राखून ठेवणारं नाही.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. पोस्टर झालं. मध्ये बाहुली, आणि कोपऱ्यात नाही तर बाहुलीच्या बरोबरीने लुईस, साल्वादोर, स्टँटन.

मांसाचं मी रात्री फार जपून, पाठीवरून हात फिरवत सांगितलं. म्हणाली, "माहितीये, बसमध्ये सगळ्यांना माहितीये." मग कॅशचं सांगितलं, तर उठून बसली आणि रडायलाच लागली. काका, कुत्रा आधी सांगायला हवा होता की नंतर?