मदत हवी आहे: एकदाच नेसलेली सिल्कची साडी विरली, दुकानदार अर्ध्या रकमेची क्रेडिट नोट देतोय

नमस्कार. थोडं सविस्तर लिहिते, अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

आईच्या एकसष्टीसाठी पुण्यातल्या एका मोठ्या दुकानातून सिल्कची साडी घेतली. मोरपंखी रंग, जरीचे काठ, अंगभर बुट्ट्या. किंमत १४,५०० रुपये, पैसे यूपीआयने दिले, जीएसटीचं पक्कं बिल आहे. आम्ही साताऱ्याला राहतो. इथल्याच एका ताईंकडून फॉल-पिको करून घेतलं, ब्लाउज शिवला, आणि खरेदीनंतर तीन आठवड्यांनी कार्यक्रमाच्या दिवशी आईने साडी पहिल्यांदा अंगाला लावली.

औक्षण झालं, पंगत बसली. जेवून उठताना आईचा हात मांडीवर गेला आणि ती तशीच थांबली. गुडघ्याच्या वर वीतभर लांबीचं कापड मोकळं झालं होतं. फाटलं म्हणता येणार नाही. उभे धागे जागेवर होते, आडवे एका बाजूला सरकून गोळा झाले होते, मधे नुसती जाळी. घरी येऊन साडी खिडकीशी उजेडात धरली तर घडीच्या रेषेवर आणखी दोन ठिकाणी तसंच विरळ दिसलं, जिथे बसता-उठताना ताण पडायचा प्रश्नच नाही. आई मात्र दोन दिवस एकच विचारत होती, "मीच ओढून नेसले का गं?" मला सगळ्यात जास्त त्रास याचा होतोय.

दुसऱ्याच दिवशी दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले, रविवारी साडी घेऊन गेले. काउंटरवरचे म्हणाले, फॉल-पिको झालंय, आता काही होणार नाही. मग बिलावरचा लाल शिक्का दाखवला: "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." मग म्हणे नेसताना ताण बसला असेल. शेवटी मॅनेजर आले. साडी ठेवून जा, रफू करून देतो, नाहीतर ७,००० ची क्रेडिट नोट घ्या, म्हणाले. दोन्हीला नाही म्हटलं आणि साडी परत घेऊन आले.

आणखी एक. पदराच्या टोकाशी सुटलेले दोन धागे, एक उभा आणि एक आडवा, काढून जाळून पाहिले. उभ्या धाग्याला केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरली. आडवा धागा वितळून त्याची कडक गोळी झाली, म्हणजे तो रेशमाचा नसून कृत्रिम असावा. विकताना "प्युअर सिल्क" म्हणाले होते, बिलावर नुसतं "सिल्क साडी" आहे.

मला क्रेडिट नोट नको, पूर्ण पैसे हवेत. साडी चार तास नेसली गेली, तरी पूर्ण रक्कम मागणं रास्त आहे ना? शिक्क्यापुढे काही चालतं का? आणि तक्रार करायची तर पुण्याला खेटे घालावे लागतील का?

प्रतिसाद:
ताई, पूर्ण पैसे मागणं शंभर टक्के रास्त आहे. विणीतला दोष नेसल्याशिवाय कळणार कसा? शिक्क्याला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलावर मुदत दिलेली नसेल तर त्यासाठी ३० दिवस धरतात. तुमचे फोटो त्या मुदतीत गेलेत, ते चॅट जपून ठेवा. आता लेखी मागणी स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावतीसह. १५ दिवस द्या. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बरीच दुकानं तिथेच नमतात. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारदार जिथे राहतो तिथे अर्ज करता येतो, म्हणजे साताऱ्यातच. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षांची.

प्रतिसाद:
मी बारा वर्षं साडीच्या काउंटरवर होतो, म्हणून सांगतो. फॉल-पिकोचं कारण सगळीकडे देतात, पण फॉल लागतो खालच्या काठाला. विरलंय गुडघ्याच्या वर. त्याचा याच्याशी संबंध काय, एवढंच विचारा. साडी ड्रायक्लीनला देऊ नका, रफूही नको, आणि आता आणखी धागे काढू नका. घरी धागा जाळून तुमची खात्री पटते, समोरच्याची नाही. आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो, तेव्हा साडी आहे तशी हवी. तुम्हाला आधीच पाहायचं असेल तर सिल्क मार्कवाले (शुद्ध रेशमाची खूण देणारी संस्था) किंवा मुंबईची टेक्स्टाइल्स कमिटी (कापड तपासणारी सरकारी संस्था) तपासून देते. आणि रविवारी गर्दीत जाऊ नका. मंगळवार-बुधवारी सकाळी जा आणि थेट मालकांना भेटा. दोषाचा माल ते ज्या व्यापाऱ्याकडून घेतला त्याला परत लावू शकतात. काउंटरवरच्या माणसाला पैसे परत करायचा अधिकारच नसतो हो.

प्रतिसाद:
खांद्याला पिन लावली होती का? तिथे ओढ बसून खाली विरतं असं ते म्हणतील.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. पिन खांद्यावर होती, तिथलं कापड अगदी घट्ट आहे, त्याचाही फोटो काढून ठेवला. साडी जुन्या सुती पंचात गुंडाळून ठेवली आहे. पत्र आज रात्री लिहितेय: खरेदीची तारीख, बिल क्रमांक, दोष कुठे आणि किती ठिकाणी, फोटो कधी पाठवले, ते काय म्हणाले, आणि शेवटी "१४,५०० रुपये १५ दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत, साडी त्याच वेळी परत देईन." आईला वाचून दाखवलं. पहिल्यांदाच तिने "जाऊ दे" म्हटलं नाही.

एकच राहिलं. ब्लाउजची शिलाई ९०० आणि फॉल-पिकोचे १५० झाले. ब्लाउज साडीतल्याच कापडाचा, तोही आता साडीबरोबर जाणार. हे १,०५० याच पत्रात मागावेत, की आधी साडीचेच मागून हे पुढे आयोगात जायची वेळ आली तर धरावेत? पत्र उद्या सकाळी पोस्टात टाकायचं आहे.