अनुभव धागा: तुमच्या नावाचा अर्थ काय, आणि तुम्ही कसे?

रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर चहा घेताना हा विषय निघाला. पाळकसाहेब येशूचा शिष्य पेत्र याच्यावर बोलले होते. त्याचं मूळ नाव शिमोन. येशूनं त्याला केफा म्हटलं, म्हणजे खडक; ग्रीकमध्ये तेच पेत्र. त्या वेळी त्याच्यात खडकासारखं काहीच नव्हतं. पुढे कोंबडा आरवायच्या आत तीनदा येशूबद्दल ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणून मोकळा झाला. म्हणजे नाव आधी पडलं, माणूस मागनं आला. मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात एका टिंबाचाच फरक. आमच्या वाट्याला दोन्ही येतं.

सुरुवात माझ्यापासून. मी शांतवन, म्हणजे सांत्वन. रेशन कार्डावर शांताराम. नोकरी पतसंस्थेत, थकीत कर्जाच्या वसुलीला. मी दारात उभा राहिलो की घरातल्यांचं जे होतं त्याला शांतवन म्हणत नाहीत. तुमचं सांगा.

टॉवेलवालीची नात

माझ्या आजीचं नाव दुर्कस, माझं टबीथा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दोन्ही एकच. एक ग्रीक, एक अरामी, अर्थ हरिणी. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात नवव्या अध्यायात ती येते, यापोची, विधवांना कपडे शिवून देणारी.

आजीत हरिणीसारखं काही नव्हतं. जाड, गुडघे धरलेले. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याकडे एका कारखान्यात टॉवेलच्या काठाला शिलाई मारायची. गल्लीतल्या तेलुगू बायकांना दुर्कस जमायचं नाही, त्या दुर्गम्मा म्हणायच्या. आजी ‘ओ’ द्यायची. एकदा मी चिडले तर म्हणाली, “हाक मारालेत ना? मग झालं की.”

सेकंडचा माल ती मालकाकडून किलोवर घ्यायची. ज्या टॉवेलचा धागा सुटलेला, तो भाग कापून टाकायची आणि उरलेल्याची बाळंतिणींसाठी दुपटी. कापायच्या आधी कापड गालाला लावून बघायची. खरखरीत लागलं की ते पोछ्याला. मला वाटायचं ही काय पद्धत! आता कळतं, बाळाच्या अंगाला काय लागणार ते हाताला कळत नाही, हाताला घट्टे होते तिच्या.

बायबलातली दुर्कस गेली तेव्हा विधवांनी तिनं शिवलेले कपडे पेत्रासमोर आणले; आजी गेली तेव्हा तसे कुणी आणून दाखवले नाहीत. दुपटी कोण जपून ठेवतंय? बायका पातेलंभर चहा आणि कडक भाकरी घेऊन आल्या.

मला साधं बटण लावता येत नाही. मी हिशेबाची कामं करते आणि शनिवारी संजय गांधी निराधार योजनेचे फॉर्म भरून देते. बऱ्याचशा विधवाच असतात. पैसे घेत नाही. नावामुळे करते का? थोडं नावामुळे, थोडं आजीच्या भीतीमुळे.

उपयोगी माणूस

आईनं माझं नाव अनेसिम ठेवलं, बायबल उघडलं त्या पानावरचं. अर्थ तिला ठाऊक नव्हता. मी पुण्याला पळालो, सहा वर्षं दारूत घालवली, परत आलो, तेव्हा पाळकांनी सांगितलं: अनेसिम म्हणजे उपयोगी, आणि बायबलातला अनेसिमही मालकाकडून पळालेला दास होता. तेव्हापासून आई सोडत नाही. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, तेही रात्री दोनला. “उठा उपयोगी, मोटार लावा.” दारू सुटून नऊ वर्षं झाली. मोटार काय सुटंना.

सिद्धाराम

बाप्तिस्म्याच्या वेळी दोघातिघांनी आग्रह धरला, नाव बदल. सोलापुरात जन्मलेल्या माणसानं सिद्धाराम, म्हणजे ग्रामदैवताचं नाव, टाकायचं? आजोबांनी ठेवलेलं आहे. मी नाही बदललं. प्रेषित पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्रात फिबी नावाच्या बाईची शिफारस करतो, हर्मेस नावाच्या माणसाला सलाम सांगतो. दोन्ही नावं ग्रीक देवांच्या घरची. कुणी बदलायला लावलेलं दिसत नाही. आपल्याकडे कवी रेव्हरंड टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, नारायण वामनच राहिले. पंडिता रमाबाई रमाबाईच राहिल्या. सिद्धारामाच्या गड्ड्याच्या यात्रेत माझा भाऊ पाण्याची सोय बघतो, मी पण पाण्याचे जग उचलू लागतो. यावरून मंडळीत थोडं बोलणं होतं. होऊ दे.

नावात काय नाही

सिद्धारामभाऊ बरोबर. आणि येशूकडे वळताना, दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर, शौलाचं नाव बदलून पौल झालं, हेही डोक्यातून काढा. त्याला पौलही म्हणत, हे पहिल्यांदा येतं प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात, कुप्र (सायप्रस) बेटावर. पौल म्हणजे लहान. बाकी माझं नाव राजेश, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

शांतवन

टबीथाताई, एक विचारायचं होतं. परवा वसुलीला गेलो त्या घरच्या बाईंचे मालक दोन वर्षांपूर्वी वारले. विड्या वळतात. निराधारचं त्यांना माहीतच नाही. तुमच्याकडे पाठवू का?

टॉवेलवालीची नात

पाठवा. मालकांच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड आणायला सांगा. तुम्ही सोबत येऊ नका, घाबरतील.