सुरतहून समन्स आलंय, इकडे भाऊबंद फारकत लिहून द्या म्हणतात. वकील करावा का?

कापूसवाला_अमळनेर

नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे, पण घरात बसून सुटत नाही म्हणून इथे विचारतो.

माझी धाकटी बहीण चौदा महिन्यांपासून माहेरी आहे. सोबत चार वर्षांचा भाचा. पाहुणे, म्हणजे तिचा नवरा, सुरतला उधन्यात एम्ब्रॉयडरी मशीनवर कामाला, पगार रोखीने. गेल्या आठवड्यात सुरतच्या फॅमिली कोर्टाचं समन्स पोस्टाने आलं. कागद गुजरातीत. गावात सुरतहून परत आलेल्या एकाने वाचून दाखवला: घटस्फोटाचा दावा, तारीख २२.

दोन दिवसांनी तिकडचे चार जण आले. ५०० चा स्टॅम्प, मजकूर टाइप करून आणलेला. राजीखुशीने फारकत, ३ लाख रोख, मुलगा आईकडे, आणि यापुढे स्वतःसाठी किंवा मुलासाठी पोटगी मागणार नाही. म्हणाले, सही झाली की सुरतचा दावा आपोआप मिटेल, कोर्टात यायचंही काम नाही. आमचे भाऊबंदही तेच म्हणतात. माय म्हणते, "वकील करा म्हंजे घर मोडस." बहीण सही करायला तयार आहे, कारण तिला वाटतं तिचा भार माझ्यावर पडतोय.

तीन एकर कोरडवाहू, कापूस अजून वेचायचा आहे. वकिलाची फी कुठून आणू हाही प्रश्न आहे. काय करावं?

सेविका_धुळे

भाऊ, सही करू देऊ नका. आधी एवढं करा, मग बाकीचं वाचा.

२०११ मध्ये मी अशाच कागदावर सही केली. १०० चा स्टॅम्प, नोटरीचा शिक्का, दीड लाख रुपये. काका म्हणाले, मोकळी झालीस. पाच वर्षं मीही तसंच धरून चालले. मग शिरपूरकडचं स्थळ आलं, बिजवर, माणूस चांगला. त्यांनी कोर्टाचा हुकूमनामा मागितला. मी स्टॅम्प दिला. त्यांनी वकिलाला दाखवला आणि निरोप आला: कायद्याने तुम्ही अजून पहिल्याचीच बायको आहात. फोन आला तेव्हा मी अंगणवाडीचं हजेरीचं रजिस्टर भरत होते. त्या दिवशीचा आकडा मी चुकीचा लिहिला, पुढे मासिक अहवालाच्या वेळी सापडला.

मग कोर्टात गेले, तीही एकटी, पैसे वाचवायला. एका तारखेला समोरच्या वकिलांनी कागद पुढे केला. म्हणाले, ताई, ही पुरसीस आहे, सही केली की लवकर संपेल. मी केली. त्यात लिहिलं होतं, माझं सगळं स्त्रीधन मला मिळालं. मिळालं नव्हतं. साडेचार तोळे, त्यात आईची पोत. पुढच्या तारखेला मी रडून सांगितलं. न्यायाधीशांनी सगळं ऐकून घेतलं, पण फाइलमध्ये माझी सही होती. पुरसीस म्हणजे सही करून कोर्टाला दिलेलं लेखी म्हणणं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि समोरचा वकील ते मला का सांगेल? तो त्यांचा होता.

शेवटी मी वकील केला. बाई होत्या. मी रडायच्या तयारीने गेले, त्या वही काढून बसल्या. लग्नपत्रिका, फोटो, सोन्याच्या पावत्या, मुलाचा जन्मदाखला, नवऱ्याच्या नावाचा सातबारा, त्याने गाडी कोणत्या साली घेतली. मारहाणीचंही विचारलं, पण तारखांसकट. मी मुलाची पोटगी सोडून दिली होती ना? त्या म्हणाल्या, तो मुलाचा हक्क आहे, आईला तो लिहून सोडता येत नाही. महिना साडेतीन हजार मंजूर झाले, अर्ज केला त्या तारखेपासून. पोत आली नाही. ती त्या सहीत गेली.

वकिली_चाळीसगाव

ताईंनी मुख्य गोष्ट सांगितली. कायद्याचं मी जोडतो.

स्टॅम्पवरच्या फारकतीने हिंदू विवाह संपत नाही. १९५५ च्या कायद्यात रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा आहे, पण ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. राजीखुशीच असेल तर त्याच कायद्याचं कलम १३ब आहे: वर्षभर वेगळं राहणं, दोघांचा एकत्र अर्ज, मग सहा महिने. योग्य प्रकरणात कोर्ट हे सहा महिने माफही करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं.

स्टॅम्पपेक्षा मला २२ तारखेची काळजी जास्त वाटते. सुरतला कोणी गेलंच नाही तर तुमची बाजू न ऐकता एकतर्फी निकाल लागेल. तो रद्द करून घ्यायला साधारण ३० दिवसांची मुदत, आणि समन्स तुमच्या हातात पडलंय, म्हणजे माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही. फॅमिली कोर्टात वकील हा आपोआपचा हक्क नाही, १९८४ च्या कायद्यानुसार परवानगी मागावी लागते. सहसा मिळते, पण अर्ज आधी हवा. तिथेच १९५५ च्या विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्चही मागता येतो.

अमळनेरमध्येही हातात काही आहे. पोटगीचा अर्ज (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं १४४) बहीण राहते तिथे करता येतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्जही. पगार रोखीत आहे म्हणून घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. दावा सुरतहून इकडे आणायचा तर राज्य बदलतं, म्हणून अर्ज सर्वोच्च न्यायालयात. लहान मूल आणि प्रवास यांचा तिथे विचार होतो.

फीचं म्हणाल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याने महिलेला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका कोर्टाच्या आवारातच समिती असते. फोन १५१००.

रेल्वेवाला_भुसावळ

माझं मत वेगळं आहे. माझ्या प्रकरणात सहा वर्षं तारखा झाल्या. दोन्हीकडचे वकील लेखी उत्तरांत एकमेकांच्या आईबापांना शिव्या लिहीत राहिले. मिटलं ते मध्यस्थीत, दोन बैठकांत. माणसं समोरासमोर बसली तर वकील लागत नाही.

सेविका_धुळे

दादा, तुमचा त्रास खराच आहे. असे वकील असतात. पण मध्यस्थीत जे ठरलं ते कागदावर कोणी लिहून दिलं, आणि कोर्टाचा हुकूम त्यावर घेतला ना? माझ्याही घरी माणसं समोरासमोरच बसली होती. एकीकडे नऊ पुरुष आणि एकीकडे मी. त्या बैठकीत माझ्या बाजूने वाचणारं एक माणूस हवं होतं.

वकील चांगला निघेलच असं मी म्हणत नाही. फी आधी विचारा, पावती घ्या, कोर्टात दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत घरी ठेवा. पटलं नाही तर बदलता येतो. सही मात्र बदलता येत नाही.

कापूसवाला_अमळनेर

सगळ्यांचे आभार. बहिणीला घेऊन कोर्टातल्या विधी सेवा समितीत गेलो. अर्ज भरला, तीन दिवसांनी वकीलबाई नेमून दिल्या. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. मला वाईट वाटलं, खरं सांगतो, सगळं तर मीच बघतोय. पाऊण तासाने बोलावलं. बहिणीने त्यांना जे सांगितलं त्यातलं निम्मं आम्हाला चौदा महिन्यांत माहीत नव्हतं.

सुरतला वकील मिळावा म्हणून तिथल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज गेला आहे. २१ ला आम्ही दोघं गाडीने निघतो, भाचा मायजवळ राहील. स्टॅम्प सही न करता परत पाठवला.

ताई, एक विचारायचं राहिलं. सोन्याच्या पावत्या सापडत नाहीत. लग्नातल्या फोटोंत दागिने दिसतात, ते चालतील का? अल्बम मायनेच पेटीतून काढून ठेवलाय.