पहिलं स्टेज, उसनी पेटी: तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठची:
परवा सोसायटीच्या गणपतीत खालच्या मजल्यावरच्या पोरानं कीबोर्ड वाजवला. स्टँड नव्हता म्हणून इस्त्रीचं टेबल, वर आईनं चादर टाकून दिलेली. जोरात वाजवलं की टेबल डुलायचं. म्हणून एक मित्र खाली बसून तीन गाणी होईपर्यंत पाय धरून होता. टेबलाचे. मला एकदम १९९६ आठवलं.

कऱ्हाडजवळचं आमचं गाव, नवरात्र, देवळापुढं मांडव. मी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला. गाण्याची मध्यमा परीक्षा पास, त्यामुळे गावाच्या लेखी मी गवई. पेटी शाळेच्या बाईंची, 'सोमवारी परत' या बोलीवर एसटीतून मांडीवर घेऊन आणलेली. स्टेज म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली, आदल्या दिवशीच भुईमूग वाहिलेली. सतरंजी टाकली तरी खालून माती टोचत होती. माईक एकच, मांडववाल्याचा. तो पेटी आणि तोंड यांच्या मध्ये कुठेतरी बांधला, तबल्याला काहीच नाही.

तबला आतेभावानं भजनी मंडळाचा आणला होता, काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरातला. माझा सा काळी चारला. हातोडीनं ठोकून ठोकून किती चढवणार, पुडी (वरचं कातडं) फाटली तर मंडळाला भरून कोण देणार? मग त्यानं तो माझ्या सा ऐवजी माझ्या मध्यमात, म्हणजे 'म'वर लावला. हे चालतं, अडलं की करतात सगळे. पहिला अभंग छान झाला. दुसरं गाणं मी भूप रागातलं काढलं.

भूपात मध्यमच नाही हो! आख्खं गाणं तबला वर्ज्य स्वरात घुमतोय. मला कळतंय, दादाला कळतंय, दोघं एकमेकांकडं बघत नाही. लोक खूश. फक्त पुढच्या रांगेतले सनईवाले आजोबा मान खाली घालून बसलेले. नंतर म्हणाले, "पोरी, गाणं बघून तबला लावावा, न्हाईतर तबला बघून गाणं."

मिळाले ५१ रुपये आणि नारळ. दादाचं आणि माझं एसटीभाडं जाऊन अकरा उरले. नारळ बाईंना दिला, पेटीचं भाडं म्हणून.

तुमचंही लिहा. पैसे नसताना पहिल्यांदा लोकांसमोर कसे बसलात?

तिरकिट_धा:
मध्यमातला तबला वाचून ऑफिसात मोठ्यांदा हसलो, शेजारचा विचारतोय काय झालं. त्याला भूप समजावण्यापेक्षा काही नाही म्हणालो.

माझं २००९, ठाणे, श्रावण. हे श्रावणात कार्यक्रम ठेवणारे लोक कधी तबला वाजवत नसतात. हवेत ओल असली की कातडं सैल पडतं आणि तबला उतरतो. मी सजावटीच्या हॅलोजनजवळ धरून शेकला, मस्त चढला, लावून घेतला. स्टेजवर पंख्याखाली बसलो आणि दुसऱ्या गाण्याला उतरला. प्रत्येक गाण्यानंतर मी गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकतोय आणि गाणारे काका वेळ काढायला विनोद सांगतायत. त्यांच्याकडे चारच विनोद होते. पाचव्या वेळी त्यांनी पहिलाच परत सांगितला, आणि लोक तेव्हाच जास्त हसले.

त्या ठोकाठोकीत चाटेपाशी, म्हणजे कडेला, पुडी गेली. मानधन ३००, पुडी बदलायला ४५०.

नवीन मुलांना एकच सांगतो. डग्गा (डाव्या हाताचा) जुना घ्या, पितळी भांडं पिढ्यान् पिढ्या टिकतं. पैसे तबल्यावर घाला. आणि साथ करायची तर आधी विचारा, 'तुमची पट्टी कोणती?' लाजू नका.

फोडणी:
इस्त्रीच्या टेबलाला खाली खटका असतो, तो नीट बसला नाही की डुलतं. आमचंपण तसंच आहे. मला गाता येत नाही पण वाचतेय, भाकऱ्या थापता थापता. लिहा लिहा.

गजर_बारी:
आम्ही परळचे, मूळ कणकवलीकडचे. चाळीत भजनी मंडळ होतं, सगळे गिरणीतले. १९८२ चा संप झाला आणि अर्धं मंडळ गावी गेलं ते गेलंच. उरलो आम्ही पोरं. पेटी मंडळाची, पखवाज मंडळाचा, बुवा कोणी नाही. मला रूपावली (देवाच्या रूपाचे अभंग) पाठ होती म्हणून सतराव्या वर्षी मी बुवा, म्हणजे मुख्य गाणारा. एवढंच क्वालिफिकेशन.

पहिली डबलबारी, म्हणजे दोन भजनी मंडळांचा सामना, गावाकडे. समोरचे बुवा मुरलेले, त्यांच्याकडे सहा जणांचा कोरस, झांज, चकी, सगळ्यांना एकसारखे सदरे. आमच्यात एक जण तर गिरणीच्या खाकीत. लाल डब्यात रात्रभर पखवाज आळीपाळीनं मांडीवर. पोचलो आणि पखवाजवाल्याच्या लक्षात आलं, कणीक विसरली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, त्याशिवाय तो खर्ज येत नाही. वाजवायच्या आधी ताजी लावायची, झालं की खरवडायची. आता कोकणातल्या वाडीत रात्री नऊ वाजता कणीक कुठून आणणार? चार घरं फिरलो. एका आजीनं दारातूनच सांगितलं, "गव्हाचा पीठ हयसर कोण खाता रे?" तांदळाचं पीठ मात्र हवं तेवढं. ते लावून बघितलं. त्याला चिकटपणा नाही, पहिल्याच गजराला थाप पडली आणि पांढरा गोळा उडून समोरच्या बुवांच्या पेटीवर.

शेवटी शाळेत घाटावरचे मास्तर राहायचे, त्यांच्याकडे मिळालं. मास्तरीणबाईंनी नुसतं पीठ नाही, मळूनच दिली. मीठ घातलेलं होतं, पण वाजला पखवाज.

हरलो, हे सांगायला नकोच. पण समोरच्या बुवांनी त्यांच्या गवळणीत तो पिठाचा गोळा घेतला, तिथल्या तिथे कडवं रचून. माझ्यावर आख्खं गाव हसलं आणि मी पण. पहाटेपर्यंत चाललं. आता ते शक्य नाही, रात्री १० ला लाऊडस्पीकर बंद. सणाच्या ठरावीक दिवशी सरकारनं सूट दिली तर १२ पर्यंत.

फोडणी:
बुवा, मीठ घातलेली कणीक, मग ती खरवडल्यावर चपात्या??

गजर_बारी:
ताई, आमच्या झांजवाल्यानं सेम हेच विचारलं होतं. चार तास थापा खाल्लेली कणीक आहे ती, काळी पडते.

तीन_कॉर्ड:
पुणे, कॅफे, गिटार. वय २०, खिशात बसपास. आयोजक म्हणाला, 'एक्स्पोजर मिळेल.' मिळालं, विजेचं.

खरंच. गिटारचा ॲम्प एका भिंतीच्या सॉकेटला, मिक्सर दुसऱ्या. कुठेतरी अर्थिंग नव्हतं. तारांवर हात आणि ओठ माईकला लागला की झणका! प्रेक्षकांना वाटलं दर्द आहे आवाजात. दोन गाणी माईकपासून वीतभर लांब राहून गायलो, मग साऊंडवाल्या दादानं माईकला स्पंजची टोपी घातली आणि दोन्ही वायरी एकाच बोर्डावर आणल्या. तेवढ्यानं भागलं. (काही जण घूं आवाज घालवायला अर्थिंगची पिन मोडतात. जिवाशी खेळ आहे, करू नका.)

त्या दिवसापासून बॅगेत स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड, जास्तीचा जॅक, चिकटपट्टी. जॅक नेमका तुमचाच जातो आणि नेमका तिथेच. मानधन एक कोल्ड कॉफी. दुसरी मागितली तर बिल आलं.

तिरकिट_धा:
@तीन_कॉर्ड शाल-श्रीफळवाल्यांपेक्षा बरे, कॉफी पिता तरी येते. माझ्याकडे नऊ शाली आहेत. मुंबईत.

खर्ज_साधना:
मी उशिरा सुरू केलं, ४४ व्या वर्षी. तानपुरा परवडत नव्हता, मोबाईलवर ॲप लावला आणि छोटा स्पीकर जोडला. यमनचा आलाप जमून येतोय, डोळे मिटलेले, आणि स्पीकरमधून माझीच रिंगटोन. कर्जवाल्यांचा फोन. सभागृहभर. तेव्हापासून विमान मोड.

पुढे पैसे साठवून मिरजेहून तानपुरा आणला. सतारमेकर गल्लीत जाऊन बसा एकदा, भोपळे पंढरपूरकडून येतात, टांगलेले असतात ओळीनं. कारागिरानं जवारी काढताना (तारेचा झंकार जुळवताना) घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा दोरा सरकवला आणि तो बारीक झंकार सुटला, मी रडले तिथेच. तो म्हणाला, "बाई, अजून दोन तारा राहिल्यात." २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तेव्हा त्याची आठवण आली.

पण प्रवासात अजून ॲपच नेते. रेल्वेत भोपळ्यावर कोणी बॅग ठेवली तर संपलं.

खमंग_ढोकळा:
जरा वेगळा प्रश्न. आमचा तिघांचा ट्रॅकवर गायचा ग्रुप आहे, जुनी हिंदी-मराठी. छोटा हॉल घेऊन तिकीट लावतोय, १०० रु. कोणी म्हणतं परवाना लागतो?

तीन_कॉर्ड:
हो, गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएस या संस्थेचा. आयोजकानं घ्यायचा, पण आयोजक तुम्हीच असाल तर तुम्हीच. लग्न, धार्मिक विधी यांना कायद्यात सूट आहे, तिकिटाचा शो त्यात बसत नाही. हॉलवाले पण विचारतात हल्ली. आधीच खर्चात धरा.

खमंग_ढोकळा:
बापरे. मग १५० करतो तिकीट. आत्याच्या मैत्रिणी येणारच आहेत.

मांडवीतीर:
आमच्या गोव्यात नवख्याला स्टेज फुकट मिळतं, वेळ तेवढी विचारू नका. वास्कोचा सप्ताह चोवीस तास अखंड, भजन खंडता कामा नये. मोठे गायक सांजेला. आमच्यासारख्यांची पाळी पहाटे तीनला. समोर दामोदर देव, एक झोपलेले आजोबा आणि पुढच्या पाळीची माणसं, घड्याळ बघत. मी घाबरून तीन अभंग दहा मिनिटांत संपवले. पुढची माणसं अजून चहा घेत होती! पेटीवाल्यानं खूण केली, सोडू नको. मग 'विठ्ठल विठ्ठल' वीस मिनिटं, जेवढ्या चाली येत होत्या तेवढ्या सगळ्या. माझं रियाजाचं वर्ष त्या वीस मिनिटांत झालं. खर्च शून्य, वर चहा.

कृष्णाकाठची:
@मांडवीतीर वा! पहाटे तीनला गळा लागला कसा?

मांडवीतीर:
लागला नाही ना. म्हणून तर आजोबा झोपून राहिले.

पेटी_परदेशी:
जर्मनीतून. फोल्डिंग पेटी केबिनमध्ये घेऊन येत होतो, सुरक्षा तपासणीत उघडायला लावली. आतल्या पितळी सुरांची (आवाज देणाऱ्या पातळ पट्ट्यांची) रांग एक्सरेत काय दिसली असेल देव जाणे. म्हणाले, वाजवून दाखवा. वाजवली. मागच्या रांगेतल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. पहिला परदेशी कार्यक्रम तोच. नंतर इथल्या मंडळाच्या गणपतीत वाजवली तर भात्यातून हवा जात होती, तपासणीत कुणीतरी जोरात दाबलेला. चामड्याचा तुकडा आणि फेविकॉल, अजून टिकलाय.

तिरकिट_धा:
फेविकॉल तिकडे मिळतो?

पेटी_परदेशी:
आई पाठवते. गोडा मसाल्याबरोबर.

कृष्णाकाठची:
सगळ्यांचं वाचून मजा आली, बाकी सावकाश वाचते. ताजी खबर: कीबोर्डवाल्या पोराला शेजारच्या सोसायटीत बोलावणं आलंय, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी. आत्ता त्याची आई दारात येऊन गेली. म्हणाली, "काकू, दोन दिवस तुमचं इस्त्रीचं टेबल मिळेल का? आमचं बुक आहे."

फोडणी:
खटका तपासून द्या.